ठिपक्यांमागची हाक

गुरुवार, ४ सप्टेंबर

संध्याकाळची प्रार्थना झाली आणि आई रोजच्यासारखी चटईवर सरकत माझ्याजवळ आली. म्हणाली, "लाव तिला."

तिला म्हणजे नेसेला. माझी थोरली बहीण आकेनेसे, आमच्या चर्चच्या गायनमंडळाची बाई. फेब्रुवारीत गेली. मूत्रपिंडांनी दगा दिला. गाणं बसवताना वरचा, मधला, खालचा असा प्रत्येक सूर ती आधी स्वतः गाऊन रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर एका ठिकाणी साठवून ठेवायची, ऑकलंडच्या चुलत बहिणींनाही शिकता यावा म्हणून. आई त्यातलं रोज एक ऐकते. ऐकल्याशिवाय तिला घास उतरत नाही.

लॅपटॉप नेसेचाच. पासवर्ड ब्राउझरने जपलेला आहे. मी बटण दाबतो, चौकटीत काळे ठिपके पडतात, दार उघडतं. ठिपक्यांमागे काय आहे ते मला माहीत नाही आणि कधी बघितलंही नाही. आमच्यात बहीण म्हणजे भावाच्या डोळ्याची बाहुली. बाहुलीत बोट घालून कोण बघतं?

पण आज वरती पिवळी पट्टी आली. हा ब्राउझर जुना झाला, महिनाअखेरीपासून इथून काही उघडणार नाही. नवा चढवायला गेलो तर म्हणे हा लॅपटॉपच जुना.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"जाहिरात आहे."

मग मी बाहेर जाऊन ब्रेडफ्रूटच्या झाडाला लाथ मारली. पाय सुजलाय. थोड्या वेळाने चुलीकडून आईची हाक आली, "तानिएलू ए, ये जेवायला." आमच्याकडे हाकेचा ए नावाच्या मागे लागतो आणि आईचा ए पार रस्त्यापर्यंत जातो.

हाक मी इथे शुद्ध करून लिहिली. घरात सगळे क-च्या बोलीत बोलतात. त-चा क होतो, न चा ङ होतो, माझं नावही त्यातून सुटत नाही. पण लिहायचं ते शुद्धच. क-ची बोली कागदावर उतरवणं म्हणजे उघड्या अंगाने चर्चला जाणं. कॉलेजात भाषेच्या तासाला उभा राहून बोलताना माझ्या तोंडून एक क निसटला आणि अख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्याच्या मी थोबाडीत दिली आणि दप्तर उचललं, ते कायमचं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. वाटतं, पण ते आज लिहीत नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

शहरात, आपियाला गेलो. ऑकलंडच्या चुलत बहिणीने तिचा वापरलेला लॅपटॉप खोक्यात कपड्यांबरोबर घालून पाठवलाय, तो इओपूच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चालू करून घ्यायचा होता.

दुकानात फुआतिनो बसली होती.

आमच्या पाळकांची मुलगी. तिच्याबद्दल इथे लिहायला लागलो तर वही पुरणार नाही. इतकंच लिहितो की ती हसली आणि मी कशाला आलो होतो ते विसरलो. ती इओपूला मामेभाऊ म्हणते. हल्ली सगळेच मामेभाऊ असतात.

इओपू म्हणाला, "जुन्या ब्राउझरला सांग, पासवर्ड बाहेर काढ. एक फाईल निघेल. ती फाईल म्हणजे उघडं पोस्टकार्ड, तान्या. बंद पाकीट नव्हे. हातात पडेल त्याने वाचावं. म्हणून तिला उघडायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही. या पेन ड्राइव्हवर घे, नव्या ब्राउझरमध्ये ओत, मग एकेक दार उघडून बघ. सगळी उघडली की फाईल पूस, कचरापेटीतूनसुद्धा. जुन्यातलं सगळ्यात शेवटी. कळलं का? शेवटी."

"मी कॉलेजात होतो," मी म्हटलं.

"होतास," इओपू म्हणाला.

त्याच्या टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर मी उचलला होता, पण फुआतिनो मध्येच म्हणाली, "आणि तानिएलू, आधी नेसेची गाणी उतरवून घे ना. काही झालं तर हातात असू देत."

"जुन्यात जागाच नाही. नव्यावर घेतो सावकाश."

"मला तो खालचा सूर हवाय. मुलांच्या सणाच्या रविवारच्या गाण्याचा. ब्रिस्बेनला न्यायला."

ती वीस तारखेला जाणार. नर्सिंगला. मला माहीत होतं, तरी तिच्या तोंडून ऐकल्यावर दुकान हललं. गाण्याचं नुसतं निमित्त आहे. माझ्याकडून काहीतरी बरोबर न्यायचं आहे तिला, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. बुधवारी ती घरी येणार आहे, माझ्याबरोबर बसून एकेक दार तपासायला. स्वतःहून म्हणाली.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्च. पाळकांनी धीरावर प्रवचन दिलं. गायनमंडळ नेसेशिवाय गातं ते वल्ह्याशिवायच्या होडीसारखं, सगळे एकाच बाजूला वळतात. फुआतिनो दुसऱ्या रांगेत होती. खालचा सूर आला की तिचं तोंड हलत होतं पण आवाज येत नव्हता. माझ्याकडे बघून लाजली असेल.

मंगळवार, ९ सप्टेंबर

झालं. सगळं काम एकट्याने केलं.

फाईल निघाली. इओपू म्हणाला होता उघडू नकोस. पण उद्या फुआतिनो शेजारी बसणार, नव्या ब्राउझरमध्ये डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की ठिपके हटून सगळं दिसतं. आत काय आहे ते मला आधी माहीत नको? उघडली.

उघडली आणि कानशिलं तापली. नेसेने सगळे पासवर्ड क-च्या बोलीत लिहिलेले. जशी चुलीपाशी बोलायची तसे. बाजारातले शब्द, लहानपणची टोपणनावं, आणि एकात तर माझंच नाव, घरातलं, क लावलेलं. माझी बहीण, अख्ख्या गावाला स्तोत्रं शिकवणारी. आणि हे उद्या पाळकांची मुलगी बघणार, जिच्या घरात मांजरीलासुद्धा त-च्या बोलीत हाकलतात.

नेसे गेलेली आहे. तिला कुणी हसलेलं मी चालवून घेणार नाही.

एकेक ओळ शुद्ध केली. क चे त, ङ चे न, जिथे हवे तिथे. माझ्या नावाला त्याची खरी अक्षरं परत दिली. त्याच्या शेपटाला चुकून एक जादा अक्षर लटकत होतं, तेही उडवलं. आकडे होते तसेच ठेवले. आता ती फाईल पाळकांच्या टेबलावर ठेवली तरी चालेल. नव्या ब्राउझरने मुकाट्याने सगळं घेतलं. मग इओपूच्या नियमाप्रमाणे फाईल पुसली, कचरापेटी रिकामी केली, पेन ड्राइव्ह साफ केला. तपासायचं राहिलं, कारण नेटचा डेटा संपला होता. पण मोजून पाहिलं, जितके होते तितकेच आत गेलेत. मग जुना लॅपटॉपही कारखान्यातून आला होता तसा कोरा करून टाकला. इओपूला सुट्या भागांसाठी हवाय तो. नेसेचं काही त्याच्या हाती लागायला नको.

सुरक्षितपणा म्हणतात तो हा. नेसे असती तर पाठीत धपाटा घालून म्हणाली असती, "शिकलास रे."

बुधवार, १० सप्टेंबर

फुआतिनो आली. डेटा नाही म्हटल्यावर तिने चेहरा पाडला. मी म्हटलं, सगळं झालंय, काळजी नको. आईने तिला कोको दिला. जाताना अंगणात नेसेच्या थडग्यापाशी थांबली, पांढऱ्या फरशांवरची पानं हाताने वेचली, बराच वेळ. मी खांबाला टेकून बघत होतो. पाठमोरी असली तरी मी बघतोय हे तिला माहीत होतं, नक्की. जुना लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह तिच्याच हाती इओपूला पाठवला.

आई आज न ऐकता जेवली. म्हणजे ताटावर बसली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

डेटा भरला. बटण दाबलं, ठिपके पडले. पासवर्ड चुकीचा आहे.

पुन्हा दाबलं. चुकीचा आहे.

नेसेचं ईमेल. चुकीचा आहे.

आई चटईवर बसून होती. "लाव ना."

"यंत्र नवं आहे, आई. त्याला अजून आपली ओळख नाही."

"ओळख सांग की मग," आई म्हणाली.

हे इओपूचं काम आहे. पेन ड्राइव्ह त्याचा, लॅपटॉप त्याने उघडला, ब्राउझर त्याने घातला. फुआतिनोसमोर माझी फजिती व्हावी म्हणून काहीतरी करून ठेवलंय. उद्या पहिल्या बसने जातो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गेलो. त्याची कॉलर धरली. गिऱ्हाइकं बाहेर पळाली. तो ओरडला नाही, हेच मला सहन झालं नाही.

"फाईल उघडली होतीस?"

"नाही."

"हात लावला होतास?"

"नाही म्हटलं ना."

"मग जुन्यावर बघू, तिथे असतील," असं म्हणून त्याने शेल्फावरचा जुना लॅपटॉप काढला, चालू केला. पांढरी पाटी. भाषा निवडा. तो लॅपटॉपकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "तान्या, मी शेवटी म्हटलं होतं रे."

बसमध्ये खिडकीशी बसलो. समुद्र चालला होता बाजूने. आणि लालोमानूचा फाटा आला तेव्हा कळलं. कुणी सांगितलं नाही, आपोआप कळलं. पासवर्ड म्हणजे निबंध नव्हे. तो चुकीचा असला तरी तोच बरोबर असतो.

मी तिची चूक सुधारली नाही. मी तिची किल्ली घासून सरळ केली, आणि मूळची फेकून दिली.

हे लिहून वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडत नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

रविवारी यंत्रावर काम केलेलं आईला चालत नाही, म्हणून थांबलो. ऑकलंडच्या बहिणींना विचारलं, पण नेसेने त्यांना पाठवलेल्या दुव्यांची मुदत संपलेली. आज बसलो.

जिथे त केला होता तिथे क घातले, न होता तिथे ङ. साठवणीचा पासवर्ड म्हणजे ज्यात माझं नाव होतं तोच, एवढं पक्कं आठवत होतं. माझं घरातलं नाव, मागे तिच्या जन्मवर्षाचा आकडा. चुकीचा. पहिलं अक्षर मोठं केलं. चुकीचा. मग डोकं फिरलं. मधे रेघ, मधे टिंब, नाव लहान, नाव मोठं, सटासट मारत सुटलो. नेमकं कसं होतं ते डोळ्यांपुढे येईचना. मी ते वाचलंच नव्हतं. मी फक्त दुरुस्त केलं होतं.

मग पाटी आली. फार वेळा चुकलात, आता काही दिवस थांबा. नाहीतर फोनवर अंक पाठवतो, तो टाका.

मी काही विचार न करता हो म्हटलं. अंक पाठवला, असं लिहून आलं.

पाठवला तो नेसेच्या फोनवर. आणि फोन नेसेजवळ आहे. आईनेच तिच्या उशाशी ठेवला होता, झाकण लावायच्या आधी, की पोरीला त्याशिवाय करमायचं नाही. मी खांबापाशी उभा राहून अंगणातल्या पांढऱ्या फरशांकडे बघत राहिलो. माझ्यात आणि त्या अंकात एक पायरी आणि थोडं गवत होतं.

फोन कधीच बंद पडला असेल हे मला कळतं. तरी कान लावला. कुणी बघितलं नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

फुआतिनो आली. इओपूने सांगितलं असेल. मी तयारी केली होती की ती ओरडेल, मग मी ओरडेन, मग कदाचित जे बोलायचं राहिलंय ते निघेल तोंडातून.

ती थडग्याच्या कठड्यावर बसली. मी खाली गवतात. मी सगळं सांगितलं. फाईल उघडल्याचं, शुद्ध केल्याचं. तू बघशील म्हणून केलं, हेही.

"मी बघेन म्हणून?"

"तुमच्या घरात शुद्ध बोलतात."

ती हसली, पण ते हसू अर्ध्यातच मोडलं. आणि मग ती क-च्या बोलीत बोलायला लागली. पाळकांची मुलगी. चुलीपाशी बसलेल्या बाईसारखी. मी तिला असं कधीच ऐकलं नव्हतं.

"नेसेशी मी अशीच बोलायचे, वेड्या. तालमीनंतर आम्ही समुद्रावर बसायचो तेव्हा. घरी बोलता येत नाही, तिथे जाऊन बोलायचे. ती म्हणायची, त-च्या बोलीत देवाशी बोलावं, क-च्या बोलीत आपल्या माणसाशी. ती गेल्यापासून मी कुणाशी क बोललेच नाही. सात महिने झाले, तोंडात नुसता त, त, त."

मग ती रडली. रडताना फरशीवरून हात फिरवत होती, तशीच, पानं वेचल्यासारखी.

मला वाटलं होतं ती माझ्यासाठी येते.

"तो खालचा सूर तिने माझ्यासाठी गायला होता," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर. शेवटचा. मी तेव्हा उतरवून घेतला नाही. म्हटलं, आहे की तिथे, कुठे जातोय."

तिला पाणी आणून दिलं. मला काय म्हणायचं होतं ते म्हणालो नाही. पहिल्यांदाच असेल, की जिभेवर आलेलं गिळलं.

जाताना म्हणाली, "हाताने आठवू नकोस, तानिएलू. कानाने आठव. ती लिहीत नव्हती कधी, ती बोलायची आणि बोटं चालायची."

शनिवार, २० सप्टेंबर

सकाळी पाळकांचा ट्रक विमानतळाकडे गेला. ती मागे सामानावर बसली होती, गळ्यात फुलांचे हार. तिने हात हलवला, सगळ्यांना हलवला. मी रस्त्यावर पळत गेलो नाही. रात्री लिहिलेली चिठ्ठी खिशात होती, ती भिजली घामाने.

दिवसभर यंत्राकडे बघितलं नाही. कुलूप उघडायची बंदी उठली असेल, पण थोड्या चुका झाल्या की पुन्हा बंद. घाबरलो, असं लिहायला हरकत नाही. मागे केळीत जाऊन नुसता बसलो.

प्रार्थना झाली. आईने आज "लाव" म्हटलं नाही. परवापासूनच म्हणत नाही. ती उठून चुलीपाशी गेली, मी पुन्हा केळीत. अंधारून आलं. आणि तिकडून हाक आली.

शुद्ध न करता लिहितो. जशी आली तशी.

"कांगिएलू ए."

ए रस्त्यापर्यंत गेला. मी उठून उभा राहिलो.

शेपटाला लटकलेलं जादा अक्षर.

नेसेने माझं नाव लिहिलंच नव्हतं. तिने मला हाक मारली होती. दर वेळी ते दार उघडताना, ऑकलंडच्या बहिणींना गाणी पाठवताना, दवाखान्यातून आल्यावर, तिने मला जेवायला बोलावलं होतं. आणि मी त्यातला ए उडवला, चुकून पडलाय म्हणून.

पळत आलो. तोंडाने बोलत एकेक अक्षर दाबलं, ती करायची तसं. आईने पळी हातात घेऊनच विचारलं, "कुणाशी बोलतोस?" ठिपके पडत गेले. शेवटी ए चा ठिपका, मग आकडा.

उघडलं.

आईला बोलावलं. ती बसली. मुलांच्या रविवारचं गाणं, खालचा सूर. आवाज दमलेला आहे त्यात, ओळ संपायच्या आधी श्वास संपतो, मग ती थांबते, माफी मागितल्यासारखी खोकते आणि जिथे सोडलं तिथूनच पुन्हा धरते. आई डोळे न पुसता ऐकत होती, पळीवरचं नारळाचं दूध चटईवर ठिबकत होतं.

संपल्यावर म्हणाली, "कसं उघडलं?"

सांगितलं.

आईने चटईवर सांडलेलं दूध पुसलं. मग पळी उचलत म्हणाली, "बरोबर आहे. तिला रोज हाका मारून घसा बसायचा. एका हाकेत तू कधी आलास?"

आधी सगळी गाणी उतरवून घेतली, दोन ठिकाणी ठेवली. खालचा सूर फुआतिनोला पाठवला. त्याच्यासोबत चिठ्ठीतलं काही लिहिलं नाही. फक्त लिहिलं, हे तुझं आहे. क-च्या बोलीत लिहिलं. जन्मात पहिल्यांदा तशी अक्षरं काढली, वेडीवाकडी दिसत होती, बरोबर दिसत होती. चिठ्ठी चुलीत गेली.

इओपूला कळवलं, तुझी माफी मागायला सोमवारी येतो. त्याचं लगेच उत्तर, "ये. पासवर्ड बदल आता, फाईल उघडी पडली होती." तो बरोबर बोलतोय. त्याचं ऐकायला हवं, हे या महिन्यात शिकलो. बाकीचे सगळे कानाने आठवून बदलेन. हा बदलणार नाही.

आईने पुन्हा हाक मारली. ताट वाढलंय.

ओ. आलो.